जावयाच्या नावाच्या बैठका

पितांबर नानाची पोर निर्मला आखाजीला माहेरी आली ती आलीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकींनी माहेरी यावं, झोके खेळावेत, गाणी म्हणावीत, आमरसावर ताव मारावा आणि मग सासरचं कोणीतरी येऊन त्यांना घेऊन जावं, ही तापीकाठची रीत. त्या वर्षी गावातल्या साऱ्या लेकी रीतीप्रमाणे आल्या आणि रीतीप्रमाणे गेल्या. निर्मलाला न्यायला कोणी आलं नाही. पाऊस झाला, पोळा झाला, दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली, तरी बडोद्याहून ना माणूस ना निरोप. निर्मलाची माय जसोदाबाई पाण्याला गेली की विहिरीवरच्या बायका आवाज खाली करायच्या. नाना चावडीवर बसला की लोकांना एकदम कपाशीच्या भावाची काळजी लागायची.

आता कोणी म्हणेल, जावयाला सरळ विचारायचं. वा रे वा, म्हणे जावयाला विचारायचं. पोरीच्या बापाने आपल्या तोंडाने "माझ्या लेकीला कधी नेता?" असं विचारलं की ती लेक जड झाली असा त्याचा अर्थ होतो, आणि मग सासरी तिला आयुष्यभर तेच ऐकावं लागतं. गुजर समाजाच्या घरांत हे कोणाला शिकवावं लागत नाही. नवग्रहांची शांत करायला तापीवरच्या प्रकाशा गावी भटजी मिळतो. जावई नावाच्या दहाव्या ग्रहापुढे मात्र हात जोडून बसायचं आणि तो कधी हलतो याची वाट बघायची. नाना तशी वाट बघत बसला होता.

जावई म्हणजे शांतीलाल. बडोद्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. मानसशास्त्र म्हणजे नेमकं काय, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. माणसाच्या मनातलं ओळखायची विद्या, एवढं नानाने लग्नाच्या वेळी ऐकलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं. पोरीच्या मनातलं न सांगता ओळखणारा नवरा मिळतोय, मग आणखी काय पाहिजे? त्या वेळी नानाने साऱ्या भाऊबंदांना हे मिशीवरून हात फिरवत सांगितलं होतं.

थंडी पडली आणि शांतीलालचं पत्र आलं. येतो आहे, महिनाभर राहीन, एवढंच. जसोदाबाईने देवापुढे साखर ठेवली. निर्मलाची ट्रंक माळ्यावरून खाली काढली, पुसली आणि उघड्यावरच ठेवली, म्हणजे जावयाला दिसावी. निर्मला घरात फारसं बोलत नव्हती, आणि शहाण्या मुलीने बोलूही नये, असं जसोदाबाईचं मत होतं.

शांतीलाल आला तो वळकटी, कागदांनी फुगलेली पिशवी आणि गळ्यात शिटी घालून. जेवण झालं, सुपारी झाली. मग तो घसा साफ करून म्हणाला, "मामा, एक मागणं आहे."

नाना सावरून बसला. त्याला बरंही वाटलं. म्हणजे रुसवाच होता तर. रुसव्याला उपाय असतो. गावात आजवर जावई अंगठीसाठी रुसले होते, सायकलीसाठी रुसले होते. केळीवाल्या चुनीलालचा जावई तर दुभत्या म्हशीसाठी तीन सण रुसून बसला होता आणि अखेर म्हैस घेऊनच हसला. नानाने मनातल्या मनात शेताचा एक तुकडासुद्धा विकून टाकला. म्हणाला, "मांगा पाव्हना, काय पाहिजे ते मांगा."

"गावाने व्यायाम करावा," शांतीलाल म्हणाला.

नानाला वाटलं, सुपारी कानात गेली.

मग शांतीलालने समजावून सांगितलं. चीनची लढाई झाल्यापासून देशात जो तो सांगतो आहे, शरीर कमवा, शरीर कमवा. भिंतीभिंतीवर तेच लिहिलं आहे. लोक उत्साहाने सुरू करतात आणि आठवड्याभरात अंथरुणात परत जातात. असं का होतं? माणूस व्यायाम सुरू का करतो, सोडतो का, आणि जो टिकतो तो कशाच्या जोरावर टिकतो? यावर तो प्रबंध लिहीत होता. मोठी पदवी मिळणार होती. "प्रेरणा, मामा. बाहेरची प्रेरणा आणि आतली प्रेरणा. शाबासकीसाठी किंवा भीतीपोटी जो करतो, तो टिकत नाही. ज्याला मनाच्या आतून वाटतं, तोच टिकतो. माझा सिद्धांत तसा आहे. फक्त तो सिद्ध करायला गाव हवं."

प्रेरणा, प्रबंध, सिद्धांत हे सगळं नानाच्या डोक्यावरून गेलं. त्याला कळलं ते एवढंच की जावई रुसला आहे आणि या वेळी अंगठीवर भागत नाही. दंड-बैठकांसाठी रुसलेला जावई तापीकाठाने आजवर पाहिला नव्हता. पण रुसव्याचं कारण कसलंही असो, काढायचा तो असतोच.

नाना त्याच संध्याकाळी घरोघर फिरला. पहिलं दार चुनीलालचं. चुनीलालचं पोट त्याच्या आधी दारातून बाहेर यायचं, आणि तो स्वतः दिवसभर केळीच्या बागेत मजुरांवर ओरडून थकलेला असायचा.

"नाना, माले उठतानाच कोनतरी हात देवाले लागस," चुनीलाल म्हणाला. "आते मी बैठका काढू का?"

नानाने डोक्यावरची टोपी काढली आणि लेकीसाठी ती चुनीलालच्या पायाशी ठेवायला वाकला. "मन्ही आंडेरना परपंचना सवाल शे, चुनीलाल."

चुनीलालने टोपी वरच्यावर धरली. "टोपी डोकावर ठेवा नाना. तुमनी आंडेर ती मन्ही आंडेर. काढसू बैठका."

साऱ्या गावाने हेच म्हटलं. एका घरचा जावई तो गावचा जावई. त्याला पाणी नाही म्हणायचं नाही, मग बैठका कशा नाही म्हणायच्या? दगा सुताराला आधीच दमा होता, तोही हो म्हणाला. जाताना नाना प्रत्येकाला बजावत गेला की पाव्हण्याने काही विचारलं तर मनातून वाटतं म्हणून सांगा, त्याला ते आवडतं. कोणाच्या जावयाला शेवया आवडतात, कोणाच्या जावयाला मांडे. नानाच्या जावयाला मनातून वाटलेलं आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मारुतीच्या देवळापुढे सारा गाव उभा. धुडकू पहिलवानाची तालीम तिथेच होती. बिचारा कित्येक वर्षं पोरांच्या मागे लागून घसा कोरडा करत होता आणि त्याच्याकडे माशा मारायलाही कोणी येत नव्हतं. आता बघतो तर मिश्या पिकलेली माणसं रांगेत उभी. धुडकूच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण कळलं तेव्हा त्याने ते पुसून टाकलं.

शांतीलालने गावाचे दोन भाग केले. वरल्या गल्लीला रोज शाबासकी द्यायची. खालल्या गल्लीला शाबासकी नाही, फक्त व्यायामाचे फायदे सांगायचे. थोड्या दिवसांत एक गल्ली गळेल आणि कोणती गळते ते बघायचं, असा त्याचा हिशेब. शिटी वाजली. दिवसभर कापसाच्या गाठोड्यांखाली वाकणारी, मोटा हाकणारी, उसाला पाणी देणारी माणसं आता शरीराला थोडी हालचाल मिळावी म्हणून उठाबशा काढू लागली. बडोद्याच्या विद्येचा हा केवढा उपकार!

कौसाबाई देवळाच्या ओट्यावर वाती वळत बसायची. गावातली सर्वांत म्हातारी आणि जिभेला हाड नसलेली बाई. ती आल्यागेल्याला सांगायची, "मन्हा घरवालाले पानीनी घागर उचलता येस नही, आनि पाव्हनासाठे उड्या मारी ऱ्हायना."

पहिला आठवडा गेला. कोणती गल्ली गळाली? कोणतीच नाही. शांतीलालने वरल्या गल्लीची शाबासकी बंद केली. तरी गल्ली हजर. खालल्या गल्लीला त्याने मुद्दाम सांगितलं, ज्याला नको असेल त्याने येऊ नये, कोणी रागावणार नाही. त्या दिवशी तर जे एरवी उशिरा यायचे तेही लवकर आले, कारण जावई असं बोलला म्हणजे रुसवा वाढला, हे शेंबडं पोरही सांगेल. चुनीलाल तापाने फणफणला होता, तो घोंगडी पांघरून आला आणि घोंगडीसकट खाली-वर झाला.

शांतीलालचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. परदेशातल्या मोठमोठ्या पंडितांना जे सापडलं नव्हतं ते त्याला सासुरवाडीत सापडलं होतं. तो एकेकाला बाजूला घेऊन विचारायचा, "तुम्हाला व्यायाम का करावासा वाटतो?"

"मनना मझारथून वाटस," धुडकू म्हणायचा.

"मझारथून," दगा सुतार धापा टाकत म्हणायचा.

"बिलकुल मझारथून," चुनीलाल म्हणायचा आणि नानाकडे बघायचा.

शांतीलाल लिहून घ्यायचा. गावात त्याने कोणाला सोडलं नाही. गुराखी झाले, न्हावी झाला, देवळाचा पुजारी झाला. का करता, का येता, का थांबत नाही? प्रत्येकापुढे उकिडवं बसून, डोळ्यांत डोळे घालून, उत्तर येईपर्यंत दम धरून विचारायचा. इतक्या आपुलकीने विचारणारा माणूस गावाने पाहिला नव्हता. नानाला तर अभिमान वाटायचा. केवढी ही माया, म्हणायचा.

घरी मात्र पंडित दमलेला असायचा. निर्मला ताट वाढायची, तो कागद वाचत जेवायचा. निर्मला चहा ठेवायची, तो कागद वाचत प्यायचा. एकदा त्याने मान वर करून म्हटलं, "साखर कमी टाकत जा." जसोदाबाईने हे दाराआडून ऐकलं आणि हर्षाने नवऱ्याला जाऊन सांगितलं की बोलायला लागलेत. नाना गुडघ्यांना तेल चोळत होता. सर्वांच्या आधी तो उभा राहायचा, कारण पोर त्याची होती, आणि गुडघे तर त्याचे चीनच्या लढाईच्या किती आधीच कामातून गेले होते. पण साखरेची बातमी ऐकून त्याला दुखणं कमी झाल्यासारखं वाटलं.

महिना संपत आला तेव्हा शांतीलालने सासऱ्याला विश्वासात घेतलं. दार लोटून हळूच म्हणाला, "मामा, आता शेवटची कसोटी. आज मी गावाला सांगणार की अभ्यास संपला, उद्यापासून कोणी यायचं कारण नाही. आणि उद्या सकाळी आपल्या घराच्या छतावर, धाब्याच्या कठड्याआड लपून बघणार. मी नसताना जे येतील ते खरे. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या."

नानाने मान डोलावली. अंधार पडायच्या आत ते गुपित त्याने दोन्ही गल्ल्यांत दारोदार पोचवलं. "पाव्हना सकाय लपीसन देखनार शे. कोनी चुकू नका." शेजारच्या धानोऱ्याला बाजाराला गेलेल्यांना त्याने निरोप धाडून बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निर्मला धाब्यावर मिरच्या वाळत घालत होती. कठड्याआड शांतीलाल उकिडवा बसलेला. खाली देवळापुढे सारा गाव लोटला होता. शिटी नाही, शाबासकी नाही, सांगणारा कोणी नाही, आणि गाव असा काही घुमत होता की मारुतीलाही घाम फुटावा. ज्यांना येतच नव्हते त्यांनीही दंड काढले. चुनीलालने तर धाब्याकडे तिरका डोळा ठेवून दोन जोर जास्तीचे मारले. सर्वांच्या पुढे नाना. खाली गेला, वर आला. खाली गेला, वर आला. खाली गेला आणि त्याचा गुडघा वळला. तो तोंडावर पडला.

निर्मला मिरच्या टाकून जिन्याकडे धावली. शांतीलालने तिचा पदर धरला.

"थांब. मधे जाऊ नकोस. हे नैसर्गिक वर्तन आहे."

खाली धुडकूने नानाला बगलेत हात घालून उभं केलं. नानाने धाब्याकडे बघितलं, दात ओठांत रुतवले आणि पुन्हा खाली बसला. बसला आणि उठला.

"बघितलंस?" शांतीलालने पिशवीतून कागद काढला. "पडला तरी उठला. आतून वाटल्याशिवाय माणूस असं करील का?"

निर्मलाने पदर सोडवून घेतला आणि खाली गेली.

त्या दिवशी दुपारी नाना हळदीचा लेप बांधून पडला होता. शांतीलाल पायाशी येऊन बसला. म्हणाला, सिद्धांत सिद्ध झाला, उद्या निघतो, आणि जाताना निर्मलालाही घेऊन जाईन म्हणतो, स्वयंपाकाची आबाळ होते आहे. नाना म्हातारा माणूस, पण हुंदका आवरेना. घोडं गंगेत न्हालं होतं. जसोदाबाई तिथल्या तिथे सांजोऱ्यांचा रवा भाजायला बसली.

सकाळी बैलगाडी दाराशी लागली. गल्ली भरली होती. गावाने कष्टाने मिळवलेलं पाठवणीचं सुख बघायला जो तो आला होता, बहुतेक जण लंगडत. शांतीलाल गाडीत चढून बसला. ट्रंक चढली, सांजोऱ्यांचा डबा चढला. निर्मला काही बाहेर येईना. नाना काठी टेकत आत गेला. ती चुलीपाशी उभी होती, आदल्या दिवशीच्याच लुगड्यात.

"माले नही जानं, नाना."

नानाने कारण विचारलं. "काब्र?"

निर्मला चुलीकडून त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "त्यास्नी सारा गावले काब्र काब्र इचारं. धुडकूले इचारं, दगाले इचारं, गुराख्यास्ले इचारं. आखाजीपाईन मी आठे बसेल शे. माले नही इचारं."

"हात उचला का त्यास्नी तुन्हावर?"

"नही. हात नही, शिवी नही. बोलतसच नहीत. दोन खोल्या शेत. एकमा त्या, एकमा मी. ताप उना तरी त्यास्ले समजनं नही. मी भिंतसंगे बोलू, नाना." तिने डोळे पुसले नाहीत. "आनि तुम्हीनबी नही इचारं. गुडघा फोडी लिधा, गावना पाय धरात, पन माले नही इचारं."

जसोदाबाई दारात उभी होती. तिने खाली मान घातली. गावातल्या एकूण एक दारापुढे नानाने टोपी काढली होती. चूल आपल्याच घरात होती, ओसरीपासून चार पावलांवर, आणि तिथवर तो आखाजीपासून एकदाही आला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. जावयापुढे वाटते तशी नव्हे, खरी.

तो बाहेर आला. शांतीलाल घड्याळ बघत होता. "मामा, चला. नंदुरबारची गाडी चुकेल."

"निर्मला येस नही," नाना म्हणाला.

शांतीलाल गाडीतून वाकला.

"येत नाही? का?"

"माले काब्र इचारतस? ती घरमा शे. तिले इचारा." जावयाशी या आवाजात नाना जन्मात बोलला नव्हता, आणि आता बोलू लागला तर थांबेना. "आनि त्या बैठका. सारा गाव तिन्हासाठे बैठका काढी ऱ्हायंता, पाव्हना. तुम्ही तिले लई जावोत म्हनीसन. मझारथून कोनले काहीच वाटे नही."

शांतीलाल हसला. मग त्याने गल्लीकडे बघितलं आणि हसू तसंच राहून गेलं. कोणी वर बघत नव्हतं. "धुडकू, तुम्ही तर म्हणाला होता, मनातून वाटतं."

"नानानी सांगं व्हतं," धुडकू पुटपुटला.

"चुनीलालजी?"

"माले तं पहिला दिनपाईन नही वाटे," चुनीलाल म्हणाला. "माफी करा."

शांतीलाल एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. महिनाभर ज्यांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं होतं, ते सगळे आता आपापल्या पायांकडे बघत होते. मोठी पदवी भर गल्लीत, बैलांसमोर, मातीत मिळाली होती. त्याला राग आला असता तर गावाला बरं वाटलं असतं, जावई रागावला की काय करायचं ते ठाऊक होतं. तो रागावला नाही.

"पण मामा, गाडी..."

"गाडी जाऊ द्या," नाना म्हणाला. "आनि इचारानंतर थांबा. उत्तर येईपर्यंत. गावपुढे थांबतस तसं."

शांतीलाल उतरला. उंबऱ्याशी त्याने बूट काढले आणि आत गेला. महिन्याभरात स्वयंपाकघराकडे तो प्रथमच चालला होता, त्याला वाट जसोदाबाईने दाखवली.

आतून शांतीलालचा एकच प्रश्न ऐकू आला. मग निर्मला बोलायला लागली. बोलतच राहिली. शांतीलालचा आवाज मधे येत नव्हता. जसोदाबाईने बाहेर येऊन दार ओढून घेतलं, आणि नानाने गाडीवाल्याला बैल सोडायला सांगितले.